फळं-पानांच्या ताज्या सॅलडची पार्श्वभूमी, आणि "धुतलेली" पानं परत धुवायची का

वसंतातलं सॅलड म्हटलं की आज जे डोळ्यापुढे येतं, म्हणजे कोवळी मिश्र पानं, वर स्ट्रॉबेरी नाहीतर संत्र्याच्या फोडी, थोडे अक्रोड आणि आंबटगोड ड्रेसिंग, ते या रूपात काही फार जुनं नाहीये. कच्ची पानं तेल-व्हिनेगर लावून खाणं मात्र रोमन काळापासून चालत आलंय, ते बहुतेकांना माहीत असतं म्हणून तिथे थांबत नाही.

इंग्लंडच्या राजवाड्यातल्या स्वयंपाक्यांनी १३९० च्या आसपास लिहून ठेवलेली सॅलडची एक कृती मिळते. त्यात पार्सली, पुदिना, बडीशेपेचा पाला, लसणीची पात, कांदे असं बरंच काही आहे, फळ एकही नाही. कृती तीन-चार ओळींची. पानं स्वच्छ धुवा, निवडा, हातानेच बारीक खुडा, न तापवलेलं खायचं तेल चोळा, व्हिनेगर-मीठ घाला, वाढा. नंतर १६९९ मध्ये तिथेच फक्त सॅलडवर एक अख्खं पुस्तक निघालं, आणि त्यात धुण्याबद्दल जे सांगितलंय ते मला आजच्या बऱ्याच रेसिपींपेक्षा शहाणपणाचं वाटतं. किडकी, चिकट, डागाळलेली पानं आधी काढून टाका, पाणी बेताने शिंपडा, भिजत घालू नका (लेट्यूस, म्हणजे सॅलडची ती कुरकुरीत पानं, तर अजिबात नाही), चाळणीत निथळू द्या आणि शेवटी स्वच्छ जाडसर फडक्यात घालून हलक्या हाताने झुलवा. १९७० च्या दशकात घराघरात आलेलं गरगर फिरणारं सॅलडचं भांडं दुसरं काय करतं!

फळं उशिरा आली. जुन्या युरोपियन वैद्यकात कच्च्या फळांकडे जरा संशयानेच बघायचे, आणि आजची मोठी स्ट्रॉबेरी तर तेव्हा नव्हतीच, ती अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिली आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन जातींच्या संकरातून आली. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सफरचंद, सेलरी आणि मेयोनेजचं वॉल्डॉर्फ सॅलड निघालं, अक्रोड त्यात नंतर आले. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत फळांचं सॅलड म्हणजे जेलीत गोठवलेला प्रकार असायचा, त्याबद्दल न बोललेलंच बरं. पालक आणि स्ट्रॉबेरी एका भांड्यात, वर खसखशीचं ड्रेसिंग, ही जोडी लोकप्रिय झाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

खरा बदल झाला तो पिशवीमुळे. तोपर्यंत अमेरिकेत लेट्यूस म्हणजे आइसबर्ग जातीचा, कोबीसारखा घट्ट गड्डा, कारण तो बर्फावर ठेवून रेल्वेने लांबवर जायचा आणि तरी टिकायचा. कोवळ्या पानांना तसा प्रवास झेपत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये नीसच्या बाजूला वसंतात वेगवेगळी कोवळी पानं एकत्र करून खायची जुनी पद्धत होती, मेस्क्लन म्हणतात तिला, ती कॅलिफोर्नियातल्या काही रेस्टॉरंटांनी उचलली, आणि १९८६ मध्ये तिथल्याच, मुळात रास्पबेरी पिकवणाऱ्या एका छोट्या शेताने अशी पानं धुऊन पिशवीत भरून विकायला सुरुवात केली. मग शेतापासून दुकानापर्यंत माल सतत थंड ठेवणारी गार साखळी, पिशवीतला ऑक्सिजन कमी करून पान काळं पडू न देण्याचं तंत्र, कारखान्यातले भलेमोठे धुण्याचे हौद, सगळं भराभर आलं. १९९० च्या दशकात "स्प्रिंग मिक्स" बाराही महिने मिळायला लागलं. म्हणजे नाव वसंताचं आणि ऋतूशी संबंध शून्य, कारण उन्हाळ्यात पीक कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यात आणि हिवाळ्यात ॲरिझोनातल्या युमाच्या बाजूला, असं ते सरकत राहतं.

आता वादाचा मुद्दा. पाकिटावर "तीनदा धुतलेलं, खायला तयार" असं लिहिलेलं असतं, तर घरी परत धुवायचं का नाही?

सप्टेंबर २००६ पर्यंत हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं. तेव्हा अमेरिकेत पिशवीतल्या पालकातून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा गुरांच्या आतड्यात राहणारा घातक जंतू पसरला, २६ राज्यांत मिळून जवळपास २०० लोक आजारी पडले, किमान ३ जण गेले, आणि सरकारने थेट सांगितलं की पिशवीतला पालक खाऊच नका. माग काढत पथकं कॅलिफोर्नियातल्या एका शेतापर्यंत पोचली, शेजारच्या गुरांच्या शेणात, रानडुकरांत आणि नदीच्या पाण्यात तोच जंतू सापडला, पण तो पालकावर नेमका कसा गेला ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आणि तो पालक धुतलेलाच होता!

लगेच २००७ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने निष्कर्ष काढला की "धुतलेलं" लिहिलेलं पाकीट घरी परत धुऊन सुरक्षितता वाढत नाही, उलट आपलं सिंक, चाळणी, कापायचा पाट, हात यांवरचे जंतू पानांना लागायचा धोका असतो. सरकारी सल्लाही तोच, पाकिटातून सरळ वापरा. ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्या एका संस्थेने मात्र २०१० मध्ये पाकिटं तपासली, अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जंतू बऱ्याच पाकिटांत सापडले, आणि त्यांनी सांगितलं की तरीही धुवा.

शास्त्राच्या बाजूने बघितलं तर मला पहिला गट बरोबर वाटतो, फक्त त्यांनी सांगितलेलं कारण अर्धंच आहे. पानावरचा जंतू नुसता धुळीसारखा बसलेला नसतो, तो पानाच्या सूक्ष्म छिद्रांत आणि कापलेल्या कडेला घट्ट चिकटतो. कारखान्यात क्लोरीनच्या पाण्याने धुऊनसुद्धा साधारण ९० ते ९९ टक्केच कमी होतात, ऐकायला भरपूर वाटतं, पण हा विशिष्ट जंतू अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो. खरं तर क्लोरीन मुख्यतः पाण्यासाठी असतं, म्हणजे एका घाण पानावरचं हौदातल्या बाकीच्या पानांना लागू नये म्हणून, आणि चिखल-पाल्याचा रस वाढला की तेही पटकन संपतं. मग जे कारखान्यात निघालं नाही ते आपल्या नळाखाली निघेल ही आशा कशाला धरायची. पण मग "तीनदा धुतलेलं" हे शब्द पाकिटावर एवढे मोठे छापायची तरी काय गरज, त्यातून जे समजतं ते आणि जे खरं आहे ते यात बरंच अंतर आहे. अख्खा गड्डा आणला तर वेगळं, बाहेरची पानं काढून टाकायची, बाकीची वाहत्या पाण्यात धुऊन कोरडी करायची. स्ट्रॉबेरीही खायच्या वेळीच धुवायची, आधीच धुऊन ठेवली की बुरशी लवकर येते.

२०१८ च्या वसंतात युमाकडच्या रोमेन या लांब पानांच्या लेट्यूसमुळे अमेरिकेत ३६ राज्यांत २१० लोक आजारी पडले, ५ जण दगावले. या वेळी तोच जंतू कालव्याच्या पाण्यात सापडला, जवळ गुरांचा मोठा गोठा होता. तिथून चर्चा धुण्याच्या पाण्यावरून शेताच्या पाण्याकडे गेली. काहींनी म्हटलं मातीच नको, हरितगृहात पाण्यावर वाढवू, धुवायचा प्रश्नच नाही, पण २०२१ मध्ये हरितगृहातल्या पाकीटबंद पानांतूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा दुसरा जंतू पसरून ३१ जणांना बाधा झाली. मे २०२४ मध्ये अमेरिकेत शेतीच्या पाण्याचे नवे नियम आले. पाण्याचे ठरावीक नमुने तपासून जंतूंच्या प्रमाणाचा ठरलेला आकडा गाठायची जुनी अट काढली आणि त्याऐवजी शेतकऱ्याने दर वर्षी आपलं पाणी कुठून येतं, आजूबाजूला गुरं आहेत का, याचा अंदाज घ्यायचा असं ठरलं. मोठ्या शेतांना ते एप्रिल २०२५ पासून लागू झालं, लहानांना अजून मुदत दिली, आणि आकडा काढून अंदाज आणला हे बरं झालं का वाईट यावर आता नवीन भांडण सुरू आहे.