ग्लाइड म्हणजे सरकणं, तरंगणं की सावकाश पडणं? थोडी पार्श्वभूमी

पॅराग्लायडिंग, ग्लायडर, फोनच्या कीबोर्डवर बोट न उचलता केलेलं ग्लाइड टायपिंग, सिंथवरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावरचं, ग्लाइडचं बटण, शिवाय ड्रॉवर नीट सरकला की 'काय ग्लाइड होतोय' असं म्हणणारे पण आहेतच. शब्द सगळीकडे आहे आणि त्याचा अर्थ कुणालाच अडत नाही. इंग्रजीत तो हजारएक वर्षांहून जुना आहे, साप, होड्या, बर्फावरून घसरणारी माणसं, झालंच तर भुतंखेतं, सगळ्यांच्या चालण्याला हाच शब्द, कारण धक्का नाही, आवाज नाही आणि कष्ट दिसत नाहीत. ध्वनिशास्त्रवाल्यांनी तो एकोणिसाव्या शतकात उचलला, य आणि व यांना ते ग्लाइड म्हणतात, का तर उच्चारताना जीभ किंवा ओठ एका जागी टिकतच नाहीत, लगेच पुढच्या स्वराकडे निघतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरा गुंता झाला तो शब्द आकाशात गेल्यावर.

विमानवाल्यांच्या भाषेत ग्लाइड म्हणजे इंजिनाचा जोर न घेता, उंची खर्च करत पुढे जाणं. पेडल न मारता सायकल उतारावरून सोडावी तसं, फक्त उतार इथे डोळ्याला दिसत नाही. म्हणजे प्रत्येक ग्लाइड हा मुळात खाली येण्याचाच प्रकार, आणि किती पुढे जाऊन किती खाली आलो याचं गुणोत्तर म्हणजे ग्लाइड रेशो. हे डोक्यात ठेवलं की पुढची भांडणं कळतात.

सुरुवातीचा काळ झटपट उरकतो. १८५३ मध्ये इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या संशोधकाने आपल्या यंत्रात स्वतः न बसता नोकराला बसवून दरी ओलांडायला लावली असं सांगतात. मग १८९१ ते १८९६ एका जर्मन इंजिनिअरने टेकडीवरून उड्या घेत जवळपास २००० उड्डाणं केली, सगळ्यात लांबचं साधारण २५० मीटरचं, आणि १८९६ मध्ये तशाच एका उड्डाणात कोसळून गेला. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या दोघा भावांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या वाळूवर शेकडो ग्लाइड केले, पुढच्या वर्षी इंजिन बसवलं आणि झालं, ग्लाइडची सद्दी संपली असं सगळ्यांना वाटलं. पण त्यातलाच एक भाऊ १९११ मध्ये परत त्याच वाळूवर आला आणि जोरदार वाऱ्यात इंजिनाशिवाय ९ मिनिटं ४५ सेकंद वर राहिला. हा विक्रम दहा वर्षं टिकला.

आता हे ग्लाइड म्हणायचं का? वारा टेकडीवर आपटून वर चढत होता, यंत्र त्या हवेतून खाली येतच होतं, पण हवा त्याहून वेगाने वर जात होती, म्हणून जमिनीवरून बघणाऱ्याला ते एका जागी टांगल्यासारखं दिसलं. जर्मनमध्ये या दोन गोष्टींना सरळ दोन शब्द आहेत, एक नुसत्या खाली येणाऱ्या उड्डाणाला आणि दुसरा, शिडाच्या जहाजावरून आलेला, हवेच्या जोरावर वर टिकणाऱ्या उड्डाणाला. इंग्रजीत पण ग्लाइड आणि सोअर असे दोन शब्द आहेत, पण खेळाचं नाव ठरवताना ब्रिटिशांनी पहिला घेतला आणि अमेरिकनांनी दुसरा, त्यामुळे एकच माणूस तेच विमान घेऊन समुद्र ओलांडला की त्याच्या छंदाचं नाव बदलतं. मराठीत ग्लायडिंग म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात, आणि बातमीत तर 'विमान तरंगत होतं'. तरंगतो तो फुगा हो, पंखवाल्या यंत्राला वर राहायला हवेतून पुढे जावंच लागतं.

सगळ्यात जास्त वाद आहे तो १९२० च्या आसपासचा. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायची बंदी केली, विमानं आणि विमानांची इंजिनं बनवायलाही मनाई झाली, आधी ती सहा महिन्यांपुरती होती, नंतर वाढत गेली आणि १९२२ मध्ये उठली तरी किती ताकदीची विमानं बांधायची यावर बंधनं राहिलीच, ती १९२६ पर्यंत. बिनइंजिनाच्या उडणाऱ्या यंत्रांकडे मात्र कुणी फार लक्षच दिलं नाही. १९२० च्या उन्हाळ्यात मध्य जर्मनीतल्या ऱ्होन डोंगरात, वासरकुप्पे नावाच्या ९५० मीटर उंचीच्या माथ्यावर पहिली स्पर्धा भरली. यावरून नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की तहाने इंजिन काढून घेतलं म्हणून जर्मनांनी ग्लायडिंग शोधलं.

मला ही गोष्ट अर्धीच पटते. त्याच माथ्यावर डार्मश्टाटची शाळकरी आणि कॉलेजची पोरं महायुद्धाच्या आधीच घरी बांधलेली यंत्रं घेऊन जात होती, आणि १९१२ मध्ये त्यातल्या एकाने ८३८ मीटर अंतर १ मिनिट ५२ सेकंदांत कापलं होतं. तेव्हा कुठला तह आणि कुठली बंदी! तहाने काय केलं तर रिकामे बसलेले वैमानिक, इंजिनिअर आणि कॉलेजं या आधीच सुरू असलेल्या वेडाकडे ढकलली. हे वेगळं आणि 'तहामुळे जन्म झाला' हे वेगळं, पण दुसरं वाक्य सांगायला सोपं म्हणून तेच चालतं.

ती उड्डाणं सुरू कशी व्हायची हे बघण्यासारखं आहे. नाकाच्या हुकात जाड रबरी दोर अडकवायचा, त्याची दोन टोकं इंग्रजी व्हीसारखी फाकवून प्रत्येक टोकाला तीनचार माणसं, आणि मागे शेपटी धरून आणखी काही जण. 'ओढा' म्हटलं की पुढचे चालायला लागणार, 'पळा' म्हटलं की उतारावरून धावत सुटणार, दोर ताणला गेला की शेपटीवाल्यांनी सोडून द्यायचं. यंत्र त्यांच्या डोक्यावरून निघून जायचं आणि थोड्या वेळात दरीत उतरायचं, मग तेच सगळं परत वर ओढून आणायचं. १९२० च्या स्पर्धेत अडीच मिनिटंही कुणी टिकलं नाही. १९२२ मध्ये कॉलेजच्या पोरांनी बांधलेलं एक यंत्र तीन तासांहून जास्त वर राहिलं. दोन वर्षांत एवढा फरक! पंख सुधारले होतेच, पण उताराच्या वाऱ्यात मागेपुढे येरझाऱ्या कशा घालायच्या हे पण लोकांना कळलं होतं. दशक संपता संपता थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेचे खांब, आणि ते शोधायला व्हॅरिओमीटर, म्हणजे आपण किती वेगाने वर किंवा खाली जातोय ते दाखवणारं उपकरण, आलं. यंत्र सेकंदाला एक मीटर खाली येतंय आणि हवा दोन मीटर वर जातेय, तर तुम्ही एक मीटर वर चढताय, हिशोब एवढाच. घारी घिरट्या का घालतात तेही हेच.

पुढचा भाग कमी सुखाचा आहे. १९३३ नंतर नव्या नाझी राजवटीने हे सगळे क्लब आपल्या हाताखाली घेतले, १९३५ मध्ये हवाई दल उघड केलं, आणि त्यातले कितीतरी वैमानिक ग्लायडरवर शिकलेले होते. मे १९४० मध्ये बेल्जियमचा एक बळकट किल्ला सैनिक भरलेल्या ग्लायडरनीच घेतला, कारण ते उतरताना आवाज येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्यांनी आधीची चूक केली नाही, यावेळी जर्मनीत ग्लायडिंगवरही बंदी आली, ती १९५१ मध्ये उठली.

नंतर खेळ स्वस्त होत गेला, १९७० च्या दशकात हँग ग्लायडिंग पसरलं, १९७८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये काही जणांनी चौकोनी पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून धावत झेप घेतली आणि पॅराग्लायडिंग आलं.

सामान्य वाचकाच्या कानावर मात्र हा शब्द बातम्यांतूनच जास्त पडला. १९८३ मध्ये कॅनडात पौंड आणि किलोच्या घोळात कमी इंधन भरलेलं बोइंग ७६७ सुमारे ४१,००० फुटांवर कोरडं पडलं आणि जुन्या हवाई तळावर उतरलं, ६९ माणसं वाचली. २००१ मध्ये इंधन गळतीमुळे अटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद पडलेलं एक एअरबस ए३३० साधारण १९ मिनिटं ग्लाइड करून अझोर बेटांवर पोचलं, आत ३०६ जण होते. दोन्ही वेळा 'चमत्कार' छापून आलं. वैमानिकांचं कौशल्य होतंच, पण इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं ही समजूतच चुकीची, मोठ्या जेटचा ग्लाइड रेशो १५ च्या पुढे असतो. अंतराळातून परतणाऱ्या स्पेस शटलचा तो कसाबसा साडेचार असायचा, आणि तरी ते धावपट्टीवरच उतरायचं.

आणि गंमत म्हणजे रोजच्या विमानप्रवासात ग्लाइड हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो तिथे ग्लाइड नसतोच. उतरताना रेडिओ सिग्नलने आखलेल्या, साधारण तीन अंशांच्या वाटेला ग्लाइड स्लोप म्हणतात, आणि त्या वाटेवर विमान पूर्ण वेळ इंजिनाच्या जोरावर येत असतं.