जैवसुरक्षा प्रशिक्षण, प्रयोगशाळेतील

जैवसुरक्षा प्रशिक्षण, प्रयोगशाळेतील : रक्त, बेडका, ऊतींचे तुकडे, जंतूंची संवर्धने (मुद्दाम वाढवलेले जंतू), प्रयोगप्राणी इ. जैविक सामग्री हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या सामग्रीपासून लागण होऊ नये आणि त्यांच्यामार्फत ती प्रयोगशाळेबाहेर जाऊ नये, यासाठी दिले जाणारे शिक्षण व करवून घेतला जाणारा सराव. संशोधन संस्था, रुग्णालयांतील निदानकक्ष, लस व औषध कारखाने, पशुवैद्यकीय प्रयोगशाळा आणि गल्लीतली पॅथॉलॉजी लॅब या सर्वांना ते लागू पडते. शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांच्याबरोबर काचसामान धुणारे, प्राणिघर सांभाळणारे व कचरा उचलणारे हेही त्यात येतात, किंवा यायला हवेत.

संज्ञा : मराठीत जैवसुरक्षा हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो व त्यामुळे घोळ होतो. जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या चर्चेत त्याचा अर्थ पर्यावरणाची काळजी असा असतो. कार्ताहेना प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारातील (२०००) जैवसुरक्षा ही मुख्यतः याच अर्थाची आहे. प्रयोगशाळेत मात्र बायोसेफ्टी आणि बायोसिक्युरिटी या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. जंतूंपासून माणसांना जपणे ही पहिली. चोरी, गैरवापर किंवा घातपात करू पाहणाऱ्या माणसांपासून जंतूंना जपणे ही दुसरी. दोन्हींना मराठीत जैवसुरक्षा असेच म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत पहिला अर्थ घेतला आहे.

उगम : या प्रशिक्षणाची सुरुवात कोठून धरावी याबद्दल दोन मते आहेत. अमेरिकी लेखक ती मेरिलंडमधील कॅम्प डेट्रिक या लष्करी केंद्रापासून धरतात. १९४३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात जैविक अस्त्रांवर काम चाले. तेथील सुरक्षा विभागाचे प्रमुख आर्नोल्ड वेडम यांनी साध्या साध्या कृतींतून हवेत किती जंतू उडतात ते मोजले आणि त्यावरून कामाच्या पद्धती ठरवल्या. १८ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकी लष्कराच्या तीन जैविक केंद्रांतील १४ जण डेट्रिक येथे भेटले. पुढे त्या वार्षिक बैठकांतूनच १९८४ मध्ये अमेरिकी जैवसुरक्षा संघटना उभी राहिली. रोग पसरवण्याच्या उद्योगातून रोग आवरण्याची शिस्त जन्मली, हा योगायोग या क्षेत्रातील लोक फारसा मिरवत नाहीत.

दुसरे मत सुरुवात अर्धशतकभर मागे नेते. जंतू शुद्ध स्वरूपात वाढवण्याचे तंत्र १८८० च्या दशकात रुळले आणि त्यापाठोपाठ विषमज्वर, धनुर्वात, माल्टा ज्वर यांच्या प्रयोगशाळेतच झालेल्या लागणींची वृत्ते येऊ लागली. त्यांतले पहिले कोणते हे ठरवणे कठीण आहे, कारण त्या काळी त्याच गावात तो रोग बाहेरही असे. तरीही पद्धतशीर शिकवण्याची निकड पहिल्यांदा स्पष्ट केली ती १८९८ च्या व्हिएन्नातील घटनेने, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या घटनेचा मुंबईशी थेट संबंध आहे.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उसळल्यावर ऑस्ट्रियाच्या विज्ञान अकादमीने १८९७ मध्ये एक वैद्यकीय मंडळ येथे पाठवले. त्यात हेर्मान म्यूलर हे तरुण डॉक्टर होते. मंडळाने परतताना प्लेगची संवर्धने व्हिएन्नाला नेली. ऑक्टोबर १८९८ मध्ये तेथील प्रयोगशाळेतला परिचर फ्रान्झ बारिश आजारी पडला. प्रयोगप्राण्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्याची शुश्रूषा करणाऱ्या म्यूलर यांना व अल्बिना पेखा या परिचारिकेलाही प्लेगने गाठले आणि महिन्याभरात तिघेही दगावले. बारिश दारू प्यायचा व हलगर्जीपणे वागायचा असे त्या वेळी लिहिले गेले. ते खरे असेलही. परंतु त्या मंडळाच्या डॉक्टरांनी मुंबईत प्लेगचे रुग्ण डोळ्यांनी पाहिले होते. पिंजऱ्यात हात घालणाऱ्या परिचराला तो अनुभव नव्हता, आणि त्याला काय शिकवले होते हा प्रश्न मागेच राहिला. प्रयोगशाळेतल्या अपघाताची नोंद लिहिताना दोष खालच्या माणसाच्या स्वभावावर टाकण्याची ही पद्धत पुढेही बराच काळ टिकली.

मुल्कोवाल प्रकरण : व्हिएन्नानंतर चार वर्षांनी घडलेली दुसरी घटना भारतीय आहे. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली (आजची हाफकिन संस्था). ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले.

बाटली परळमध्येच दूषित झाली, की गावात उघडताना, यावर वाद माजला. सरकारी चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला. हाफकिन यांनी लसनिर्मितीत कार्बोलिक अम्ल या जंतुनाशकाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे त्यांच्याविरुद्ध गेले. उलट बाजूचा मुद्दा असा होता, की बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. शिवाय धनुर्वाताच्या जंतूंची जुनी वाढ उग्र घाण मारते. बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. मलेरियाचे संशोधक रॉनल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिन यांची बाजू मांडली व त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. आज बहुतेक अभ्यासकांचा कल चिमट्याकडे आहे.

हे प्रकरण लसीचे म्हणून सांगितले जाते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातला चिमटाच महत्त्वाचा. जमिनीला लागलेले उपकरण ज्योतीवर तापवायचे, ही सूचना त्या काळीही होती. धूळ, गर्दी आणि घाई यांत ती पाळली गेली नाही.

मोजदाद : १९५१ मध्ये सल्किन व पाइक या संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे ५,००० प्रयोगशाळांना विचारणा करून १,३४२ लागणी गोळा केल्या. त्यात ब्रुसेलोसिस (म्हणजेच वर आलेला माल्टा ज्वर) पहिल्या क्रमांकावर होता. पाइक यांनी १९७६ मध्ये जगभरातल्या नोंदी धरून हा आकडा ३,९२१ वर नेला. या संकलनांतून निघालेली खरी चकित करणारी गोष्ट निराळी आहे. सुई टोचली, पिपेटमधून तोंडात गेले, काच फुटली असे ज्ञात कारण पाचातल्या एकाही रुग्णात धड सापडेना. उरलेल्यांना आपल्या हातून काही चुकले हेच माहीत नव्हते. यातून एरोसॉल, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तुषार, हा प्रशिक्षणाचा मुख्य विषय बनला. लूप (जंतू उचलण्याची तारेची कडी) ज्योतीत घातल्यावर तडतडतो तेव्हा, पिपेटचा शेवटचा थेंब फुंकला जातो तेव्हा, सेंट्रिफ्यूजमधली नळी तडकते तेव्हा हे तुषार उडतात.

प्रशिक्षणाचे स्वरूप : जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा जैवसुरक्षा पुस्तिका १९८३ मध्ये निघाली. तिच्या पहिल्या तीन आवृत्त्यांनी जंतूंचे चार धोकागट व प्रयोगशाळांचे चार स्तर (बायोसेफ्टी लेव्हल, म्हणजे बीएसएल-१ ते बीएसएल-४) रूढ केले. २०२० च्या चौथ्या आवृत्तीने स्तरांच्या साच्यावरचा भर कमी करून त्या त्या कामाच्या धोक्याचे मूल्यमापन पुढे आणले. भारतात बोलताना व निविदा काढताना स्तरांचीच भाषा चालते.

पाठ्यक्रमात हात धुणे, हातमोजे व एप्रन, निर्जंतुकीकरण, कचऱ्याची वर्गवारी, लसीकरण इ. गोष्टी सर्वत्र असतात. त्यांचा तपशील येथे दिलेला नाही. जेथे चुका हमखास होतात अशा चार बाबी मात्र पाहण्याजोग्या आहेत.

पहिली बाब सुरक्षा कपाटाची. लॅमिनार फ्लो आणि जैवसुरक्षा कपाट (बायोसेफ्टी कॅबिनेट) बाहेरून सारखीच दिसतात आणि बोलताना दोन्हींना सर्रास लॅमिनार म्हणतात. साध्या लॅमिनारमधून गाळलेली हवा काम करणाऱ्याच्या अंगावर येते. नमुना स्वच्छ राहतो, पण त्यातले जंतू थेट माणसाच्या तोंडावर. दुसऱ्या वर्गाच्या सुरक्षा कपाटात समोरून हवा आत ओढली जाते व बाहेर पडताना हेपा या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. मागून कोणी झपझप गेले, दार उघडले किंवा हात झटक्याने आतबाहेर केला तरी हा पडदा फाटतो. म्हणून शिकाऊ माणसाला आत हात घातल्यावर मिनिटभर नुसते स्थिर बसायला लावतात. पुढच्या जाळीवर वही ठेवू नये आणि आत बर्नर पेटवू नये, हेही तेव्हाच सांगतात. बर्नरची सवय जुन्या तंत्रज्ञांच्या हातून सहजी सुटत नाही.

दुसरी बाब हातमोजे काढण्याची. ती दाखवण्याची एक जुनी युक्ती अशी : मोज्यांवर अतिनील प्रकाशात चमकणारी पूड किंवा द्रव लावायचा, शिकणाऱ्याला दहा मिनिटे नेहमीचे काम करू द्यायचे, मोजे काढायला सांगायचे, खोलीतले दिवे मालवायचे आणि अतिनील दिवा लावायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, चष्म्याच्या दांडीवर, मोबाइलवर, कधी नाकाच्या शेंड्यावर निळसर ठिपके दिसतात. तासभराच्या व्याख्यानापेक्षा हा अर्धा मिनिटाचा अंधार जास्त काम करतो, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे.

तिसरी बाब सांडलवंडीची. संवर्धनाची बाटली फुटली की पहिली ऊर्मी असते ती फडके घेऊन धावण्याची. शिकवले जाते ते उलट : श्वास रोखून बाहेर पडा, इतरांना बाहेर काढा, दार लावा, तुषार बसेपर्यंत सुमारे अर्धा तास थांबा. मग टिपकागद टाकून त्यावर जंतुनाशक कडेकडून मध्याकडे ओता, ठरलेला वेळ राहू द्या, काचा चिमट्यानेच उचला. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला तरी हाच अर्धा तास, झाकण न उघडता.

चौथी बाब सुई टोचल्यास काय करावे याची. हा भाग सर्वांत परिचित व तरी सर्वांत जास्त चुकणारा. बोट तोंडात घालणे आणि पिळणे या दोन्ही गोष्टी माणूस आपसूक करतो व दोन्ही वर्ज्य आहेत. साबण व वाहते पाणी पुरे. धोक्याचा अंदाज लक्षात राहावा म्हणून तीनचा पाढा सांगतात : लस न घेतलेल्याला कावीळ-ब ची लागण होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत, कावीळ-क ची ३ च्या आसपास, एचआयव्हीची ०·३. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे शक्य तो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करायची असतात. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण बसवण्याची सवय मोडणे, हे यातले निम्मे काम.

भारतातील नियम : पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली (१९८६) ५ डिसेंबर १९८९ रोजी घातक सूक्ष्मजीव व जनुकीय बदल केलेले जीव यांविषयीचे नियम निघाले. त्यांनुसार अशा कामासाठी संस्थास्तरीय जैवसुरक्षा समिती लागते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या मार्गदर्शक सूचना १९९० पासून असून त्यांची एकत्रित सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये आली. रोजच्या निदान प्रयोगशाळांवर मात्र अधिक प्रभाव पडला तो जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांचा (१९९८, नवे २०१६). नव्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना व नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच कावीळ-ब व धनुर्वात यांची लस टोचणे बंधनकारक केले. पिवळी, लाल, पांढरी, निळी ही वर्गवारी त्यातलीच. धनुर्वाताचे नाव यादीत पाहून मुल्कोवाल आठवल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्र : पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था (एनआयव्ही) झाली. शिमोग्याच्या जंगलात १९५७ मध्ये आढळलेल्या क्यासनूर ज्वराचा (माकडतापाचा) विषाणू याच केंद्राने ओळखला. त्यावर काम करताना प्रयोगशाळेत लागणी झाल्याच्या नोंदी आहेत. हाच आजार पुढे गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग येथे आला, त्यामुळे त्याचे नमुने हाताळणे हा आता कोकणच्या आरोग्यसेवेचाही प्रश्न आहे.

संस्थेची पाषाण येथील बीएसएल-४ प्रयोगशाळा डिसेंबर २०१२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. या स्तरावर माणसाला हवा पुरवलेल्या बंदिस्त पोशाखात किंवा पूर्ण बंद कपाटातून काम करावे लागते आणि नवख्याला अनुभवी जोडीदाराशिवाय आत सोडत नाहीत. कोविडच्या साथीत जानेवारी २०२० मध्ये देशात चाचणी करणारी ही एकच प्रयोगशाळा होती. जून संपेपर्यंत प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. जीवरसायन, कृषी, पशुवैद्यक अशा विभागांतून आलेल्या माणसांना काही दिवसांत, बरेचसे पडद्यावरूनच, तयार करावे लागले. २०२२ मध्ये मुंबईत बांधलेली फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळा नाशिक येथून कार्यान्वित झाली.

तालुक्याच्या ठिकाणच्या खाजगी लॅबमध्ये शिक्षण बहुधा डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविका) अभ्यासक्रमापुरते आणि पुढे वरिष्ठाच्या हाताखाली पाहून पाहून होते. काचसामान धुणाऱ्या मावशींपर्यंत ते तोंडीच पोचते. दारावरचे नारिंगी जैवधोका चिन्ह त्यांना रोज दिसते. १९६६ मध्ये डाऊ केमिकलमधील चार्ल्स बाल्डविन यांनी ते मुद्दाम निरर्थक पण लक्षात राहणारे असे निवडले, म्हणजे त्याचा अर्थ नव्याने शिकवता येईल. नमुन्यांच्या वाहतुकीचेही असेच आहे. विमानाने संसर्गजन्य सामग्री पाठवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक नियमांनुसार दर २४ महिन्यांनी प्रशिक्षण घ्यावे लागते व तिहेरी वेष्टन करावे लागते. कलेक्शन सेंटरवरून बर्फाचा डबा पायांत धरून दुचाकीवर निघालेल्या मुलाला ते नियम लागू होत नाहीत.