बांगाई कार्डिनल मासा

ॲपोगॉनिडी कुलातील लहान सागरी मासा. शास्त्रीय नाव टेरापोगॉन कौडर्नी. इंडोनेशियातील सुलावेसीच्या पूर्वेस असलेला बांगाई द्वीपसमूह हे याचे मूलस्थान. लेंबेह सामुद्रधुनीतील समूह मात्र व्यापारातून सुटलेल्या माशांपासून वाढला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लांबी सुमारे ८ सेंमी.; रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे, परांवर पांढरे ठिपके, शेपटी खोल दुभंगलेली.

स्वीडिश संशोधक वॉल्टर कौडर्न यांनी १९२० च्या सुमारास गोळा केलेल्या नमुन्यांवरून डच मत्स्यशास्त्रज्ञ कौमन्स यांनी १९३३ मध्ये या जातीचे वर्णन केले. पुढे सुमारे सहा दशके ती दुर्लक्षित राहिली. १९९० नंतरच्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ जेरल्ड ॲलन यांच्यामुळे पुन्हा प्रकाशात आली. टेरापोगॉन या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) सीमेबाबत मतभेद आहेत. वायव्य ऑस्ट्रेलियातील मिरिफिका ही जाती काहींनी याच प्रजातीत घातली होती. २०१४ च्या कुलव्यापी पुनरावलोकनात मात्र ती क्विंका या वेगळ्या प्रजातीत ठेवली आहे आणि तेच वर्गीकरण अधिक सयुक्तिक वाटते. तसे धरल्यास टेरापोगॉनमध्ये ही एकच जाती उरते.

वस्ती उथळ, संथ पाण्यात. बहुधा ५ मी. पेक्षा कमी खोलीवर, प्रवाळ, सागरी गवत व खारफुटीच्या मुळांजवळ. लांब काट्यांचे डायाडेमा सागरी अर्चिन (समुद्रतळावरील गोलसर, काटेरी प्राणी) हा मुख्य आसरा. सावली पडताच अर्चिन काटे त्या दिशेला वळवतो. पिले त्या काट्यांच्या मुळाशी शिरतात आणि अंगावरच्या काळ्या पट्ट्यांमुळे काट्यांत मिसळून जातात. मोठे मासे समुद्रपुष्पांचाही आधार घेतात.

मादीने घातलेला अंड्यांचा पुंजका नर तोंडात घेतो. अंडी सुमारे ३ मिमी. व्यासाची, संख्येने काही डझन. ती सुमारे २० दिवसांत फुटतात. पिले आणखी साधारण १० दिवस तोंडातच राहतात. या काळात नर खात नाही. त्याला बिथरवले तर तो अंडी थुंकतो किंवा गिळतो. प्रवाहाबरोबर वाहणारी अळी-अवस्था नसल्याने पिले जन्मस्थळीच राहतात. परिणामी काही किलोमीटरवरचे समूहही जनुकीयदृष्ट्या वेगळे आढळतात आणि उपसलेली जागा आपोआप भरून निघत नाही. सुटलेले पिलू लगेच अर्चिनात शिरले नाही, तर प्रौढ मासेच ते खातात. म्हणून माणसांनी खाण्यासाठी अर्चिन गोळा केले की माशांचीही संख्या घटते.

मत्स्यालयांसाठीची पकड आणि इरिडोव्हायरस या विषाणूचा संसर्ग हेही धोके आहेत. २००७ मध्ये जाती संकटग्रस्त ठरली. साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेशाचे २००७ व २०१६ चे प्रस्ताव मागे घेण्यात आले. बंदिस्त पैदास शक्य आहे: पिले पहिल्या दिवसापासून ताजी आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) खातात, मात्र तिला मेदाम्लांची जोड दिली नाही, तर पिले किरकोळ धक्क्यानेही दचकून मरतात.