थंडी शेपटीकडून येते

घरी बांधलेल्या छोट्या विमानातून हिवाळ्यात उडणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: मान गारठते. समोरून ताशी २८० किलोमीटर वेगाने वारा कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक घुमटावर, येत असतो. पण गार झोत लागतो तो मागून, थेट कॉलरच्या आत. यावर पहिला उपाय बहुतेक जण एकच करतात. पुढच्या काचेच्या बुडाशी असलेली फट बुजवतात आणि हीटरची हवा वाढवतात. मान तरीही गारच. या कोड्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते फट कुठे आहे यात नाही, हवा वळते कशी यात आहे.

घरी विमान बांधणं आपल्याकडे नवलाचं. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ते लोकांसमोर ठेवलं, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. अमेरिकेत मात्र हा रुळलेला छंद आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असेल तर तिथे विमानाला ‘प्रायोगिक’ गटात परवाना मिळतो. ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या किटपासून, म्हणजे सुट्या भागांच्या संचापासून, बनलेली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. किटमधून भाग येतात, पण ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, घुमट कापून चौकटीवर बसवणं आणि ती चौकट विमानाच्या अंगाशी जुळवणं हे बांधणाऱ्याच्याच हातचं काम. फटी राहतात त्या इथेच.

आता हवेकडे येऊ. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला तर तो वळत राहतो, कारण दोरी त्याला मध्याकडे ओढत असते. हवेला दोरी नसते. तिला वळवू शकतो तो फक्त दाबातला फरक. घुमटावरून जाणारी हवा घुमटाला धरून वळते, याचा अर्थ तिच्या बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि घुमटालगत कमी असलाच पाहिजे. बाहेर दूरवर दाब नेहमीचा असतो. मग घुमटालगतचा दाब नेहमीपेक्षा कमीच ठरतो. जास्त दाबातून कमी दाबात शिरणारी हवा वेग घेते, म्हणून तिथे वाराही जोरात वाहतो. विमानाच्या पंखाबद्दल ‘वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून खालच्या हवेला गाठायला ती धावते’ हे स्पष्टीकरण अजून सर्रास दिलं जातं. ते चूक आहे. वेगळ्या झालेल्या दोन कणांनी पुढे एकाच वेळी पोचावं असा निसर्गात कुठलाही नियम नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोलीकडची छपरं उडाली, त्यामागेही ही ओढ होती. वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही, वरून ओढतोही. पत्रे वास्तुदोषाने उडत नाहीत. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ सर्वांत जास्त असते, तिथे हूक जवळजवळ लावले तर पत्रा टिकतो. शांतीवर खर्च करण्याआधी हुकांवर करावा.

८,००० फुटांवर, ताशी २८० किलोमीटर वेगाला, वाऱ्याचा गतिज दाब, म्हणजे त्याच्या वेगामुळे येणारा दाब, सुमारे २,९०० पास्कल (दाबाचं एकक) असतो. घुमटावरचा दाब त्याच्या निम्म्याने जरी घटला, तरी दर चौरस मीटरला जवळजवळ १५० किलो वजनाइतकी ओढ वरच्या दिशेने लागते. दोन माणसं कॅनॉपी उचलून धरताहेत असं समजा. म्हणून जमिनीवर घट्ट बसलेली कडा हवेत किंचित उचलली जाते, आणि हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, शोधून न सापडलेली फट आकाशात उघडते.

त्या फटीतून हवा आत येत नाही. केबिनमधली ऊबदार हवा तिथून बाहेर खेचली जाते. तिचा वेग काढायला सोपं सूत्र आहे: आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक हा गतिज दाबाचा जितका अंश असेल, त्या अंशाचं वर्गमूळ घ्यायचं आणि विमानाच्या वेगाने गुणायचं. फरक पाव असला तर वर्गमूळ निम्मं, म्हणजे हवा ताशी १४० किलोमीटरने सुटते. फट १ मिलिमीटर रुंद आणि एकूण २ मीटर लांब धरू. प्रवाह फटीत आकसतो, त्याची सूट दिली तरी सेकंदाला ४५ लिटर हवा जाते. दीड घनमीटरची केबिन अर्ध्या मिनिटात रिकामी व्हावी इतकी! गेली तितकी हवा कुठून तरी आत यावीच लागते. ती बाहेरून २५ अंशांनी थंड येत असेल, तर तिला गरम करायला १ किलोवॅटहून जास्त उष्णता लागते. नखाएवढ्या जाडीची फट खोलीतला एक हीटर गिळते.

आत यायला वाटा भरपूर असतात. मागच्या पंखाच्या सुकाणूकडे जाणारे दांडे जिथून बाहेर पडतात ती छिद्रं, फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या भागांच्या, सांधी, चाकांच्या पायांभोवतीची मोकळी जागा. शेपटीची पोकळी गार हवेने भरते आणि ती हवा सीटच्या मागून पुढे सरकते. मान गारठते ती याच हवेने. वैमानिक झोत येतो तिकडे कापड कोंबतो. पण हवेला ओढणारं तोंड डोक्यावर उघडंच असतं, त्यामुळे ती दुसरी वाट धरते. आधी बुजवायची ती बाहेर जाण्याची वाट. लोकरीचे छोटे धागे कडेच्या आतून चिकटवून उडालं की ती लगेच सापडते: धागा फटीकडे ओढला गेला तर हवा बाहेर जाते आहे, आत फडफडला तर येते आहे.

बुजवायचं कशाने? ताठ पदार्थाने मुळीच नाही. तापमान ४० अंशांनी बदललं तर दीड मीटर ॲक्रिलिक सुमारे ४ मिलिमीटर हलतं, ॲल्युमिनियम जेमतेम दीड. दोघांना जखडलं तर थंडीत स्क्रूच्या भोकापासून तडा जातो. म्हणून आतून पोकळ, ‘डी’च्या आकाराची मऊ रबरी पट्टी लावतात, ती दबते आणि कडा उचलली की फुगून फट भरते. सांधा वेडावाकडा असेल तर एक सुंदर युक्ती आहे. एका बाजूला गुळगुळीत टेप लावायचा, समोरच्या बाजूला सिलिकॉनची जाड रेघ ओढायची, कॅनॉपी हलकेच बंद करायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी टेपपासून सिलिकॉन सुटतं आणि त्या फटीच्या नेमक्या मापाचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, हातात येतं. मात्र सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, आणि ॲक्रिलिक पुसायला ॲसिटोन कधीही वापरू नये. त्याने बारीक चिरा पडतात.

प्रश्न फक्त थंडीचा असता तर जाड जाकीटही पुरलं असतं. पण हीटरची हवा एक्झॉस्ट पाइपाभोवतीच्या पत्र्याच्या कवचातून येते, आणि केबिनमध्ये दाब कमी असला की इंजिनकडच्या भिंतीतल्या प्रत्येक छिद्रातून धूर आत खेचला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला याचं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. त्याच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेलं आढळलं. ते विमान तर कारखान्यात बनलेलं होतं. वरची गळती थांबली की केबिनमधला दाब चढतो आणि ही ओढ कमी होते. तरीही या वायूचा इशारा देणारं यंत्र पॅनेलवर हवंच.

सगळ्या फटी नीट बुजल्या की आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात ताज्या हवेचा झरोका उघडला तरी वारा येईनासा होतो, कारण आत आलेल्या हवेला जायला वाटच उरलेली नसते. तेव्हा बांधणारा मागच्या बाजूला, कमी दाबाची जागा शोधून, स्वतःच्या हाताने एक भोक पाडतो आणि त्याला उघडझाप करणारं झाकण बसवतो.