बेसेमर पोलाद, अमेरिकेतील

बेसेमर पोलाद, अमेरिकेतील : वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवेचा जोरदार झोत सोडून, वेगळे इंधन न जाळता पोलाद करण्याच्या पद्धतीवर उभा राहिलेला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उद्योग. सुमारे १८७० पासून १९०७ पर्यंत त्या देशातील पोलादाचा सर्वांत मोठा वाटा या पद्धतीने तयार होत असे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात तेल, रेल्वे आणि बँका यांना सहसा अधिक जागा मिळते. पोलादाच्या बाबतीत मात्र कंपनीचा आकार व्यापारी चातुर्याइतकाच परिवर्तकातील (ज्या भांड्यात लोखंडाचे पोलाद होते त्यातील) रसायनाने ठरविला. म्हणून येथे ती बाजू अधिक विस्ताराने दिली आहे.

प्रक्रिया : झोतभट्टीतून (खनिजापासून लोखंड गाळण्याच्या भट्टीतून) निघणाऱ्या कच्च्या लोखंडात ३.५ ते ४.५% कार्बन, १ ते २% सिलिकॉन आणि थोडे मँगॅनीज, फॉस्फरस व गंधक असते. परिवर्तक म्हणजे आडव्या आसावर कलणारे, पेरूच्या आकाराचे पोलादी पत्र्याचे भांडे. त्याला आतून सिलिकायुक्त दगडाच्या चुऱ्याचे जाड अस्तर असते आणि बुडात हवेची अनेक बारीक छिद्रे असलेल्या पक्क्या मातीच्या नळ्या बसवलेल्या असतात. भांडे आडवे करून त्यात रस (वितळलेले लोखंड) ओततात, मग झोत सुरू करून ते उभे करतात. हा क्रम चुकला, म्हणजे झोत येण्यापूर्वीच भांडे उभे झाले, तर रस छिद्रांत उतरून गोठतो व बूड निकामी होते. रसाचे वजन पेलून वर येण्यासाठी हवेचा दाब दर चौ. इंचास साधारण २० ते २५ पौंड लागतो.

आधी सिलिकॉन आणि मँगॅनीज जळतात. या टप्प्यात ज्वाला आखूड, तांबूस असते व ठिणग्या उडतात. खरी उष्णता येथेच मिळते : १% सिलिकॉन जळाल्यास रसाचे तापमान ढोबळ मानाने ३००° से.ने वाढते. कार्बन कमी होत जाईल तसा लोखंडाचा वितळबिंदू वर चढतो, तरीही रस पातळ राहतो तो यामुळेच. सिलिकॉन कमी पडले तर घाण (एका वेळी भांड्यात घेतलेला रस) थंड होऊन भांड्याच्या तोंडाशी व कडेला गोठलेली साय धरते. जास्त झाले तर ती अति तापते आणि ती निवविण्यासाठी पोलादाची मोड टाकावी लागते. त्यानंतर कार्बन जळू लागला की लांब, डोळे दिपविणारी पांढरी ज्वाला गर्जत बाहेर पडते व काही मिनिटांनी एकाएकी खाली बसते. झोत त्याच क्षणी तोडायचा असतो. भांडे भरल्यापासून येथपर्यंत १० ते २० मिनिटे जातात आणि मूळ वजनाच्या सुमारे ८ ते १०% घट येते.

झोत अर्धा मिनिट जरी अधिक चालला तरी लोखंड स्वतःच जळू लागते, ऑक्सिजन रसात विरघळतो आणि पिंड लाटताना लाल उष्णतेवर तडकतो. वेळेवर तोडलेल्या घाणीतही थोडा ऑक्सिजन उरतोच. त्यावरचा उपाय म्हणजे स्पीगेलायझन हे १५ ते २०% मँगॅनीज व सुमारे ५% कार्बन असलेले मिश्रलोखंड शेवटी मिसळणे. मँगॅनीज ऑक्सिजन ओढून घेते, गंधकाचा उपद्रव कमी करते आणि हवा तेवढा कार्बन परत मिळतो. फॉस्फरस मात्र सिलिकायुक्त अस्तराच्या भांड्यात अजिबात निघत नाही. धातूचे प्रमाण घटते, म्हणून त्याची टक्केवारी उलट किंचित वाढते. पोलादात तो ०.१% च्या वर गेला की रूळ थंडीत काचेसारखा फुटतो. इंग्लंडमध्ये या पद्धतीचे संशोधक हेन्री बेसेमर यांचे पहिले परवानाधारक याच अडचणीने फसले; खुद्द बेसेमर यांनी प्रयोगासाठी वापरलेले लोखंड योगायोगाने कमी फॉस्फरसचे होते.

अग्रक्रमाचा वाद : हेन्री बेसेमर यांनी ऑगस्ट १८५६ मध्ये इंग्लंडमधील चेल्टनम येथील सभेत आपली पद्धती जाहीर केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले. त्यावर केंटकी राज्यातील एडीव्हिलचे लोखंड उत्पादक विल्यम केली यांनी हरकत घेतली. आपण असे प्रयोग १८४७ पासून करीत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. पेटंट कचेरीने कामगारांच्या व शेजाऱ्यांच्या साक्षी ग्राह्य धरल्या आणि २३ जून १८५७ रोजी केली यांना अग्रक्रमाचे पेटंट दिले.

या निर्णयावरून केली हेच पद्धतीचे जनक, असे जुने अमेरिकी ग्रंथ सांगतात. परंतु १८४७ हे साल मुख्यतः नंतरच्या कथनावर आणि साक्षींवर उभे आहे. प्रयोगांचा आरंभ पुढे ढकलून तो १८५० च्या आसपास मानणेही अयोग्य ठरणार नाही. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : केली यांनी पोलाद केले होते काय? त्यांचा धंदा लाकडी कोळशाच्या भट्टीवर घडीव लोखंड करण्याचा होता आणि कोळसा वाचविणे हा त्यांचा उद्देश होता. हवा फुंकल्याने रस थंड न होता तापतो, हे त्यांनी स्वतंत्रपणे हेरले असणे संभवते. पण ओतता येईल असे एकजिनसी पोलाद त्यांच्या एडीव्हिलच्या भट्टीतून बाहेर पडल्याचा भक्कम पुरावा नाही. कलते भांडे आणि पुरेशा दाबाचा झोत ही बेसेमर यांचीच देणगी होय, हे मत अलीकडच्या अभ्यासकांत अधिक मान्य दिसते व तेच येथे स्वीकारले आहे. तिसरे नाव ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट मशेट यांचे. स्पीगेलायझनची युक्ती त्यांची. तिच्यावाचून बाकी दोघांच्या पेटंटांना व्यवहारात फारसे मोल नव्हते.

व्यापारी दृष्टीने या वादाचा परिणाम असा झाला, की अमेरिकेत कोणाही एकाला कायदेशीरपणे पोलाद करता येईना. केली आणि मशेट यांचे हक्क एका गटाकडे होते. त्याच्या मिशिगनमधील वायंडॉट येथील कारखान्यात १८६४ च्या सप्टेंबरात पहिली घाण निघाली. बेसेमर यांच्या यंत्रांचे हक्क न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉयच्या गटाने घेतले होते. तेथे अभियंता अलेक्झांडर लायमन हॉली यांनी फेब्रुवारी १८६५ मध्ये काम सुरू केले. १८६६ मध्ये दोन्ही गटांनी हक्क एकत्र केले. पुढे १८७७ मध्ये ही पेटंटे बेसेमर स्टील कंपनी या संस्थेकडे गेली आणि ती अवघ्या अकरा कारखान्यांच्या हातात राहिली. नव्या कारखानदाराला परवाना नाकारणे हे त्यांचे सर्वांत सोपे शस्त्र होते. त्याच्या जोडीला आयात रुळांवर १८७० च्या कायद्याने टनामागे २८ डॉलर जकात बसली (१८८३ मध्ये ती १७ डॉलर झाली). मूळ जकात ठरली तेव्हा ती बेताची होती. रुळांचे भाव उतरत गेले तसतशी ती जवळजवळ बंदीच ठरली.

हॉली यांची मांडणी : अमेरिकेने रसायन इंग्लंडकडून घेतले, वेग मात्र स्वतःचा आणला. पडलिंग भट्टीत कसबी कामगार लांब सळईने रस ढवळत दोन तासांत जेमतेम २०० ते २५० किग्रॅ. लोखंड काढी, पाच टनी परिवर्तक पाव तासात त्याच्या वीसपट देई. अडचण फुंकण्यात नव्हती, दोन घाणींमधल्या खोळंब्यात होती. हॉली यांनी परिवर्तक जमिनीपासून उंचावर शेजारी शेजारी बसविले, त्यामुळे इंग्रजी पद्धतीचा खोल, कोंदट खड्डा गेला आणि मळी (रसातून वेगळा होणारा टाकाऊ भाग) खालून थेट उचलता येऊ लागली. बूड हा भांड्याचा सर्वांत लवकर झिजणारा भाग; पूर्वी तो आत उतरून, भांडे निवल्यावर बदलावा लागे. हॉली यांनी तो सुटा केला. झिजलेले बूड खाली उतरवायचे, आधीच भाजून ठेवलेले वर चढवायचे, आणि सांध्यात ओली माती ठासायची. सांधा कच्चा राहिल्यास तेथूनच रस फुटून येई, हा या सोयीबरोबर आलेला धोका.

पिट्सबर्गजवळ ब्रॅडक येथील एडगर टॉमसन कारखाना हॉली यांनीच आखला. अँड्रू कार्नेगी आणि भागीदारांच्या या कारखान्यात ऑगस्ट १८७५ मध्ये पहिली घाण निघाली. कारखान्याला पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अध्यक्षांचे नाव देण्यात आले होते, आणि पहिली मागणीही त्याच रेल्वेकडून आली : २,००० रूळ. जागा मोनाँगहीला नदीकाठी, एकाहून अधिक रेल्वेमार्गांच्या पोहोचीत निवडली होती. त्यामुळे वाहतुकीचा दर कोणा एका रेल्वेच्या मर्जीवर राहिला नाही. कार्नेगी यांना धातुशास्त्र फारसे अवगत नव्हते. त्यांची पकड होती ती हिशेबावर. प्रत्येक खात्यात टनामागे किती धातुक (लोहखनिज), कोक, विटा व मजुरी लागली याचे तक्ते नियमाने येत आणि मागच्या तक्त्यांशी ताडून पाहिले जात. रेल्वेत रुळलेली ही रीत लोखंडाच्या धंद्यात तोवर अपवादानेच आढळे.

कारखान्याचे अधीक्षक विल्यम जोन्स यांनी १८८९ मध्ये मिश्रक भांड्याचे पेटंट घेतले. झोतभट्टीचा रस गोठवून पुन्हा वितळविण्याऐवजी थेट परिवर्तकात न्यावा, तर दर भट्टीगणिक सिलिकॉन बदलते आणि घाण कधी थंड, कधी अति तप्त निघते. अनेक भट्ट्यांचा रस एका मोठ्या, कलत्या साठवण भांड्यात एकत्र केला आणि ते कधीही पूर्ण रिकामे केले नाही, तर हा चढउतार मोडतो. जोन्स त्याच वर्षी झोतभट्टीच्या अपघातात दगावले. १९०२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट ग्राह्य ठरविले.

वर्चस्व आणि उतार : १८८६ च्या सुमारास अमेरिकेने पोलादउत्पादनात ब्रिटनला मागे टाकले आणि १९०० मध्ये एकूण उत्पादन एक कोटी टनांवर गेले. १८६० च्या दशकात टनामागे दीडशे डॉलरच्या पुढे असलेला पोलादी रूळ १८९८ मध्ये वीस डॉलरच्या खाली आला. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड कारखान्यातील १८९२ चा रक्तरंजित संप कार्नेगी यांच्याच कंपनीतला, मात्र त्या कारखान्याचे भवितव्य तोवर उघड्या भट्टीच्या (पोलाद करण्याच्या दुसऱ्या, संथ पद्धतीच्या) पोलादाकडे वळले होते. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांनी कार्नेगी यांचा धंदा ४८ कोटी डॉलरला घेऊन, त्याच्यासह इतर कंपन्या जोडून १.४ अब्ज डॉलर भांडवलाची युनायटेड स्टेट्स स्टील ही कंपनी उभी केली.

पद्धतीचे मर्म तेच तिचे वर्म ठरले. तिला कमी फॉस्फरसचे धातुक हवे. सुपीरियर सरोवराकाठच्या खाणींत ते मुबलक होते, पण अमर्याद नव्हते. ‘बेसेमर धातुक’ हे बाजारात वेगळ्या भावाचे नावच पडले, आणि चांगल्या खाणी आधीच अडवून ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा त्यात लाभ झाला. शिवाय हवेतील नायट्रोजन रसात उतरून पोलाद ठिसूळ करतो. डबे जड झाले, गाड्या वेगवान झाल्या, तशी रूळ फुटण्याची तक्रार वाढली. चुनखडीयुक्त अस्तराची उघडी भट्टी घाणीला कित्येक तास घेते, परंतु फॉस्फरस काढते, मोड पचविते आणि मध्येच नमुना तपासू देते. १९०८ मध्ये तिचे उत्पादन बेसेमरच्या पुढे गेले.

या स्थित्यंतराचा भारताशी थेट संबंध आहे. जमशेटजी टाटा यांच्या मनात आधी चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहारा येथील धातुक व वरोऱ्याचा कोळसा होता. तो कोळसा लोखंड गाळण्यास योग्य ठरला नाही. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, पिट्सबर्गला अभियंता ज्यूलियन केनेडी यांना भेटले आणि त्यांच्या शिफारशीने चार्ल्स पेज पेरिन यांना सल्लागार नेमले. १९०७ मध्ये मुंबईत नोंदलेल्या कंपनीच्या साकची (नंतरचे जमशेदपूर) येथील कारखान्यात फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिला पोलादी पिंड निघाला, तो बेसेमर परिवर्तकातून नव्हे, उघड्या भट्टीतून.