इनॅमल वाळवा, डेंटिनवर हवा मारू नका

फिलिंग करून चार दिवस होत नाहीत तोच पेशंट परत येतो, 'गार पाणी लागलं की कळ येते' म्हणतो, आणि आपले ज्युनियर बाँडच्या (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीची एक्स्पायरी तपासत बसतात. अहो, बाटलीचं जाऊ द्या, हवेची सिरिंज कशी धरली होती ते सांगा.

इनॅमलचं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचाचं, सगळ्यांना जमतं. वजनाने ९६ टक्के खनिज. बाँड धरावा म्हणून पृष्ठभाग खडबडीत करायचा, यालाच एचिंग म्हणतात: ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, धुणं, हवा, खडूसारखा पांढरा पृष्ठभाग, बाँड. अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलेलंच तंत्र, फक्त त्यांचं अ‍ॅसिड ८५ टक्के होतं.

घोळ होतो तो हीच सवय डेंटिनवर, म्हणजे इनॅमलखालच्या थरावर, नेल्यामुळे. डेंटिनमध्ये खनिज साधारण ७० टक्के, बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. अ‍ॅसिडने वरचं खनिज गेलं की काही मायक्रॉन जाडीची कोलॅजनची जाळी उरते, आणि तिला उभं धरतं ते पाणी. विहिरीतलं शेवाळ पाण्यात कसं मोकळं पसरलेलं असतं, आणि पाणी आटलं की दगडाला चिकटून बसतं? दहा सेकंद हवा मारली की जाळीचं तेच होतं. मग बाँडमधलं रेझिन आत शिरणार कुठून? ते वरच बसतं, जपानी संशोधक नाकाबायाशींनी १९८२ मध्ये वर्णन केलेला हायब्रिड लेयर (रेझिन आणि कोलॅजन एकमेकांत गुंतून होणारा थर) नीट होत नाही, खालच्या डेंटिनमधल्या बारीक नलिका उघड्या राहतात. त्यांतला द्रव हलला की कळ.

म्हणून टिपा, वाळवू नका. ओलसर कापसाचा बोळा टेकवायचा. डेंटिन चमकलं पाहिजे, पण डबकं नको, कारण जास्तीचं पाणीही बाँड बिघडवतं. अ‍ॅसिड आधी इनॅमलवर, डेंटिनवर शेवटी आणि १५ सेकंदांच्या वर नाही. चुकून वाळलंच तर ओल्या मायक्रोब्रशने भिजवा, जाळी पुन्हा उभी राहते.

मी स्वतः अ‍ॅसिड फक्त इनॅमलच्या कडेला लावतो आणि डेंटिनवर सेल्फ-एच, म्हणजे वेगळं एचिंग आणि धुणं न लागणारा बाँड. वाळवण्याचा वादच मिटतो. पण 'एका बाटलीत सगळं' म्हणून इनॅमलचं एचिंगही गाळणाऱ्यांशी माझं पटत नाही. सौम्य सेल्फ-एच इनॅमलला पुरेसं खात नाही, आणि पुढे कडेला तपकिरी रेघ उमटते.

हिरडीजवळच्या, मुळावर उतरलेल्या कॅव्हिटीत तर खालच्या कडेला इनॅमलच नसतं. तरी तिथे पांढरं दिसेपर्यंत हवा मारणारे मी पाहिलेत.