डिस्प्ले बदलायच्या आधी एवढं बघून घ्या

दुकानात रोज कोणी ना कोणी येतं, दादा स्क्रीन धूसर दिसतीये, रंग उडालेत, फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले) बदलून द्या. बदलायला आमची ना नाही, पण धड असलेला डिस्प्ले उगाच उघडायचा आणि तुमचे पैसे घालवायचे हे आम्हाला पटत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी एक टेस्ट घरीच करा. जे खराब दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या चांगल्या फोनवर बघा. तिथेही तसंच खराब दिसलं तर तुमच्या डिस्प्लेचा काही दोष नाही, फोटो किंवा व्हिडिओच तसा आहे. तिथे स्वच्छ दिसलं तर मग तुमच्या फोनची काच, सेटिंग किंवा पॅनल (काचेखालचा चित्र दाखवणारा भाग) बघावं लागेल.

फोटोचं म्हणाल तर व्हॉट्सअॅप साईज कमी करूनच पाठवतं. दिंडोरी-निफाडकडचे आमचे बरेच ग्राहक द्राक्षवाले आहेत, छाटणीनंतर पानावर डाऊनी रोगाचा तेलकट पिवळसर डाग दिसला की लगेच फोटो काढून सल्लागाराला पाठवतात, आणि समोरच्याला झूम केलं की नुसता हिरवा-पिवळा चिखल दिसतो. पाठवताना वरचं एचडीचं बटण दाबा (हे २०२३ पासून आलंय), नाहीतर सरळ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते. आणि बघणाऱ्याने आय कम्फर्ट किंवा नाईट लाईट बंद करून बघावं, त्याने सगळी स्क्रीनच पिवळी होते मग डाग काय कळणार! स्क्रीन मोड व्हिव्हिडवर असेल तर तोही नॅचरल करा, व्हिव्हिडमध्ये पान आहे त्यापेक्षा जास्त हिरवं दिसतं. पिक्चर बघायला व्हिव्हिड ठेवा की, छानच दिसतं.

यूट्यूब धूसर दिसत असेल तर क्वालिटी डेटा सेव्हरवर आहे का बघा. नेटफ्लिक्स कितीही चांगल्या नेटवर फुटकंच दिसत असेल तर अॅपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडा, तिथे वाईडवाईन एल३ (व्हिडिओची कॉपी रोखणाऱ्या सुरक्षेची खालची पातळी) लिहिलेलं असेल तर त्या फोनवर एचडी येतच नाही, डिस्प्ले बदलून काही उपयोग नाही. सॅमसंगच्या काही महागड्या फोनमध्ये रिझोल्यूशन मुद्दाम कमी ठेवून दिलेलं असतं, ते डिस्प्लेच्या सेटिंगमधून वाढवता येतं, फक्त बॅटरी थोडी जास्त जाते.

उन्हात दिसत नाही ही डिलिव्हरीवाल्या पोरांची नेहमीची तक्रार. ऑटो ब्राईटनेस चालू ठेवा, बऱ्याच फोनमध्ये सगळ्यात जास्त उजेड ऑटोवरच मिळतो, हाताने फुल केलं तरी तेवढा मिळत नाही. गाडीच्या होल्डरवर फोन तापला तर तो स्वतःहून ब्राईटनेस उतरवतो, सावलीत थंड झाला की परत येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी नाशिकच्या सातपूर-अंबडला फिरणाऱ्यांना हे रोजचंच.

मॅट ग्लास लावलीये का तेही बघा. बोटांचे डाग पडत नाहीत म्हणून लोक घेतात, पण पांढऱ्या स्क्रीनवर बारीक रवाळ कण चमकल्यासारखे दिसतात आणि अक्षरं मऊ होतात. साधी क्लिअर ग्लास लावा. पुसायला मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून घ्या, स्प्रे थेट स्क्रीनवर मारू नका.

हे सगळं करूनही उभी रेघ, काळा डाग किंवा कीबोर्डची कायमची सावली दिसत असेल तर मात्र पॅनल गेलंय. मग कुठेही बदला, पण कोणता फोल्डर टाकताय ते आधी विचारा. अॅमोलेडच्या (ज्यात मागे दिवा नसतो) जागी स्वस्तातला एलसीडी (ज्यात मागे दिवा असतो) टाकला तर काळा रंग राखाडी दिसतो आणि स्क्रीनमधलं फिंगरप्रिंटही चालत नाही. ओळखायचं सोपं आहे, अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा फोटो उघडा, अॅमोलेड असेल तर स्क्रीन बंद असल्यासारखी दिसेल, एलसीडी असेल तर मागचा उजेड झिरपताना दिसेल. आमच्याकडे जुना आणि नवा दोन्ही फोल्डर तुमच्यासमोर चालू करून दाखवतो आणि बिलावर प्रकार लिहून देतो, नुसती तपासणी केली तर पैसे घेत नाही.